शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

मूल शाळेत जाऊ लागले म्हणजे आईबापांना आपला अर्धा भार उतरला असे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु शाळेचे घड्याळ निराळे आणि पोटापाण्याच्या कामाचे घड्याळ निराळे. शाळा दुपारी तीनच्या सुमारास सुटते. आईची पाळी सहाला संपते. मधल्या तीन तासांत त्या बालकाने कोठे बसावे, काय खावे, पडले-झडले तर कोणाकडे पाहावे, हा प्रश्न लहान दिसतो, पण तो रोज पडतो. आपल्या गावांत त्याचे उत्तर आजी देते. आजी नसेल तेथे शेजारीण देते. मात्र जेथे आजी सातासमुद्रांपलीकडे आहे आणि शेजारी कोण राहतो हे वर्ष वर्ष कळत नाही, तेथे हे उत्तर पैसे मोजून मिळवावे लागते. पैसा आला की हिशेब आला, आणि हिशेब आधी बोलून ठेवला नसेल तर त्यामागोमाग रुसवाही आला.

असाच एक रुसवा मध्यंतरी मजपर्यंत आला. आपल्या गोव्यातील पुष्कळ कुटुंबे इंग्लंडात स्विंडन या शहरी आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याची वाट मोकळी आहे. त्या आधारावर २०२० अखेरपर्यंत आपली माणसे इंग्लंडात जाऊन स्थायिक होऊ शकत होती. माझ्या धर्मग्रामातील दोन कुटुंबे अशीच तेथे गेली. एकाच वाड्यावरची, एकाच वर्गात शिकलेली अशी ही दोन घरांतली दोन माणसे: एक बाई एका गोदामात कामाला जाते, दुसरी आपल्या घरी इतरांची मुले सांभाळते. तिकडे अशा बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात. पहिलीचा सात वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर दुसरीकडे जाई. दोन वर्षे सारे गोडीगुलाबीने चालले.

मग उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुटी आली. मुलाची आजी येथून पाहुणी म्हणून तिकडे गेली होती, तेव्हा मुलगा घरीच राहिला. तरीही महिनाअखेर दुसरीने अर्ध्या पैशांची मागणी केली. शब्दाने शब्द वाढला. आजी परत आली ती हा राग घेऊनच. एका रविवारी मिस्सानंतर त्या मजकडे येऊन म्हणाल्या, “फादर, तुम्हीच सांगा. मूल तिच्या उंबऱ्याला पाऊल लावत नाही, आणि पैसे मात्र मोजायचे! ही गावची लेक की सावकारीण?” दुसरीची आई मागेच उभी होती. ती म्हणाली, “आणि माझ्या लेकीने सहा आठवडे काय वारा खाऊन राहावे?”

दोघीही मला मावशीच्या ठिकाणी. मी त्यांना एवढेच म्हणालो, “मावशी, भांडण पैशाचे आहे, तर आधी पैसा कसा ठरतो ते पाहू.” मग त्या दोघी सुनालेकींशी दूरध्वनीवर सविस्तर बोललो, त्यांचे करारपत्र मागवून वाचले, आणि तिकडे सेवा करणाऱ्या एका धर्मगुरू मित्रालाही विचारून घेतले. जे कळले ते आपल्या घरोघरच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण आज ना उद्या आपल्यापैकी कोणाची तरी लेक या दोन बाजूंपैकी एकीवर असणार.

पहिली गोष्ट अशी की, इंग्लंडात आठ वर्षांखालचे मूल मोबदला घेऊन आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ सांभाळावयाचे तर सरकारमान्य नोंदणी करावी लागते. ही नोंदणी व तपासणी ऑफस्टेड नावाचे खाते पाहते. सख्खी आजी, आत्या, मावशी यांना ही अट नाही. परंतु गावच्या नात्याने झालेली मावशी तेथे चालत नाही! नोंदणीकृत बाईला बालकांच्या प्रथमोपचाराचे शिक्षण, विमा, घरातील प्रौढ माणसांची पोलीस-दप्तराकडून तपासणी, हे सर्व करावे लागते. आणि ती कितीही कामसू असली तरी एका वेळी साधारणतः आठ वर्षांखालील सहाच मुले तिला ठेवता येतात. त्यांतही शाळेत न जाणारी लहानगी तीनच. तिची स्वतःची मुलेही या सहांत मोजली जातात.

आता आपल्या दुसऱ्या लेकीचे घर डोळ्यांपुढे आणावे. दिवसभर तीन लहानगी तिच्याकडे असतात. तिची स्वतःची मुलगी सहा वर्षांची. म्हणजे शाळकरी मुलांसाठी तिच्यापाशी उरल्या जागा दोन. त्यांतील एक तिने आपल्या मैत्रिणीच्या मुलासाठी राखली होती. शिवाय दुपारी अडीचला ती तीन लहानग्यांना कोट-टोप्या चढवून, पावसात वा थंडीत, शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाते. एकाच वेळी दोन शाळांच्या फाटकांवर उभे राहता येत नाही. म्हणून त्याच एका शाळेचे मूल मिळाले तरच तिची जागा भरते. दुकानदाराचे तांदूळ आज खपले नाहीत तर उद्या खपतात. परंतु तीन ते सहा या वेळेची रिकामी जागा सहा वाजले की संपली. ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

तिकडे या कामाचे दर सरकार ठरवून देत नाही. प्रत्येक बाई आपला दर आपणच ठरविते, आणि तो ठरविताना आसपासच्या इतरांचा दर, शाळा चालविते ते संध्याकाळचे वर्ग आणि आपला खर्च पाहते. कोणी ताशी घेते, कोणी सकाळचा एक व संध्याकाळचा एक असा ठोक दर लावते. मूल चार वाजता नेले काय नि सहाला नेले काय, ठोक दर बदलत नाही. कारण जागा अडली ती अडलीच. सुटीत दिवसभर मूल ठेवावयाचे तर दिवसाचा दर वेगळा. दोन भावंडे असतील तर दुसऱ्यास काही सूट. न्यावयास उशीर झाला तर काही अधिक. आणि सुटीत मूल येणार नसेल, पण सुटीनंतर तीच जागा हवी असेल, तर जागा राखण्याची रक्कम, बहुधा अर्धी. आपल्या भांडणाचे मूळ हेच होते.

त्या दोघींचा खरा आकडा त्यांच्यापाशीच राहो. समजण्यासाठी आपण ताशी ६ पौंड धरू. इंग्लंडातील सरकारी शाळा वर्षाला १९० दिवस, म्हणजे ३८ आठवडे भरतात. रोज तीन तासांप्रमाणे ५७० तास झाले. त्यांचे ३,४२० पौंड. हे बारा महिन्यांवर सारखे वाटले तर महिना २८५ पौंड. उरलेल्या १४ आठवड्यांसाठी अर्ध्या दराने जागा राखली तर ६३० पौंड वाढतात आणि महिना ३३७ पौंड ५० पेन्स होतो. भांडण काय ते या महिना साडेबावन्न पौंडांचे! परंतु सांभाळणारीच्या बाजूने पाहिले तर वर्षाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काळ ती एक जागा रिकामी राहते. तिला पगारी रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, कारण ती कोणाची नोकर नव्हे. आपली आपणच धनीण. तिचे घरभाडे मात्र बारा महिन्यांचे असते.

म्हणून गोदामात जाणारीची बाजू खोटी ठरते काय? मुळीच नाही. तिकडे प्रौढ कामगाराचे कायद्याने ठरलेले किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झाले. त्या दराने तीन तासांचे ३६.६३ पौंड होतात. एका मुलाचे १८ पौंड गेले तर अर्धी कमाई उरते. तिची धाकटी मुलगीही लवकरच शाळेत जाणार; मग दोघांचे ३६ पौंड! म्हणजे त्या तीन तासांत आई जे मिळविणार, ते जवळजवळ सर्व मुलांच्या सांभाळातच जाणार. तिच्या रागाच्या मुळाशी लोभ नव्हता, ही भीती होती. आणि ही भीती तिने मैत्रिणीपाशी एकदाही बोलून दाखविली नव्हती.

या भीतीवर तिकडच्या सरकारने थोडा उतारा ठेवला आहे. कामावर जाणाऱ्या पात्र आईबापांनी सांभाळासाठीच्या सरकारी खात्यात ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालते, साधारणतः दर मुलामागे तीन महिन्यांस ५०० पौंडांपर्यंत. आणि ही सवलत मूल ११ वर्षांचे होईपर्यंत मिळते. वरील २८५ पौंडांत आईचे २२८ आणि सरकारचे ५७. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना याऐवजी दुसरे साहाय्य घेता येते. दोन्ही एकदम नाही. पण हे पैसे नोंदणी केलेल्या संस्थेला वा बाईलाच देता येतात. शेजारच्या कोणा बाईस गुपचूप थोडे कमी देऊन मूल ठेवणे स्वस्त वाटते; त्यात कायदा मोडतो, आणि ही मदतही बुडते. आमच्या पहिल्या लेकीने हे खाते उघडलेच नव्हते. ते तिला सुचविले कोणी? जिला ती सावकारीण म्हणत होती तिनेच!

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यातील दोन गोष्टी मला या निमित्ताने नव्याने दिसल्या. मळ्याच्या धन्याने सकाळी आलेल्या मजुरांशी काम सुरू होण्यापूर्वीच मजुरी ठरविली होती. आणि जे दिवसभर चौकात उभे राहिले ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. ताटकळत उभे राहण्यातही मनुष्याचा दिवस जातो, आणि संध्याकाळी त्याच्या घरीही चूल पेटावी लागते. जागा राखून बसलेल्या बाईचे तेच आहे.

शेवटी त्या दोघींनी आपापसांत नवा कागद केला. सुटीत मूल येणार नसेल तर सहा आठवडे आधी सांगावे. त्या काळापुरते दुसरे मूल मिळाले तर जागा राखण्याचे काही घेऊ नये. न मिळाले तर अर्धे घ्यावे. धाकटी येऊ लागली की तिच्यासाठी सूट असावी. वर्षाचे पैसे बारा महिन्यांवर सारखे वाटावेत, म्हणजे सुटीचा बोजा एकदम पडणार नाही. चार ओळींचा मजकूर. तो दोन वर्षांपूर्वी लिहिला असता तर दोन घरे आणि दोन वाडे दुभंगले नसते. पहिल्या कागदावर जागा राखण्याची अट होती, पण ती बारीक अक्षरांत होती, आणि “आपलीच माणसे, कशाला वाचायचे?” म्हणून दोघींनी तशाच सह्या केल्या होत्या. आपलेपणा हा कागद न वाचण्याचे कारण झाला. तो कागद नीट वाचण्याचे कारण व्हावयास हवा होता.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आपल्या देशातही सरकारी पाळणाघरांची योजना सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे. सहा वर्षे उलटली की शाळा सुटल्यानंतरचे तास पुन्हा घरच्याच माथी येतात. आपल्या वाड्यांवरही आता सुना दवाखान्यात, दुकानात, कारखान्यात कामाला जातात, आणि त्यांची मुले कोणा एका घरी दप्तरे टाकून पेज मागतात. त्या घरच्या बाईला आपण काय देतो? फेस्ताला एक साडी, कधी मासळीचा वाटा, आणि “ती काय, घरीच तर असते” हे शब्द! ती घरी असते म्हणूनच आपण निश्चिंत बाहेर असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. तिने तोंड उघडून मागितले तर ती लोभी ठरते. न मागितले तर तिचे कष्ट फुकटचे ठरतात.

मायेची किंमत करता येत नाही, हे खरेच. मुलाचे डोळे पुसण्याचा दर कोणी लावीत नाही, आणि लावू नये. परंतु वेळेची, जागेची आणि जबाबदारीची किंमत होते. ती न देता मायेचे नाव पुढे करणे हा न्याय नव्हे. ज्या घरी आपले मूल बसते, त्या घरी या आठवड्यातच जाऊन शांतपणे बोलावे: किती तास, किती रुपये, सुटीत काय, आजारपणात काय, उशीर झाला तर काय. परवडत नसेल तर तेही सांगावे, दामाऐवजी दुसरे काय देता येईल ते ठरवावे, आणि ठरले ते वहीच्या एका पानावर लिहून ठेवावे. बोलताना थोडा संकोच वाटेल. पण तो संकोच एका संध्याकाळचा असतो. न बोललेल्या हिशेबाचा सल पुढे वर्षानुवर्षे राहतो.