दस्त्यातलं चुकलेलं भोक

ठासणीच्या बंदुकीतलं सगळ्यांत अवघड भोक बाहेरून दिसतच नाही. ते दस्त्याच्या पोटात असतं, नळीच्या खाली, नळीला समांतर. त्यात ठासणी, म्हणजे दारू ठासायची काठी, राहते. वर नळी बसायची पन्हाळ, खाली ठासणीचं भोक, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम ३ मिलिमीटर लाकडाचा पडदा. तो न फोडता लांबलचक बर्मा आत उतरवायचा असतो. आत काय चाललंय ते दिसत नाही. हाताला कळतं, पण बहुधा उशिरा.

माझा धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा. नांदेडात वडिलांपासून चालत आलेलं दुकान, भिंतीवर काचेत लावलेला परवाना, खाली एक लेथ आणि सुताराचा ओटा. १९५९च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणून किनवट-माहूरकडच्या, रानाला लागून असलेल्या गावांतून अशा बंदुका अजून येतात. निवडणूक लागली की लोकांना त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. परत मिळाल्या की पोतं उघडलं जातं, वर्षभर न बघितलेली चीर दिसते आणि मग आमची आठवण होते. नवी बंदूक बनवणं माझं काम नाही, त्याला परवाना वेगळा. माझ्याकडे जुनी नळी आणि मोडका दस्ता येतो. पण दस्ता नवा करायचा म्हणजे लाकडाच्या बाजूने अख्खी बंदूक पुन्हा बांधणंच असतं. सगळी भोकं नव्याने पाडावी लागतात, आणि भोकं आली की चुका आल्या.

लाकूड शिसमाचं असेल तर उत्तम. आमच्याकडे मात्र बराच काळ जुनं सागवान फिरत होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची माळवदाची घरं पडली. मातीच्या त्या जड छतांखाली माणसं गेली, आणि मागे तुळया-खांब उरले. पुढे त्यातलं थोडं लाकूड वखारींतून आमच्यापर्यंत आलं. वडील ते घेताना बोलत नसत. इतकं मुरलेलं सागवान आता मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि ते कुठून आलंय हेही ठाऊक होतं. या लाकडाची एक खोड आहे. जुन्या तुळईत कुठेतरी मोडलेला खिळा असतो. वरून डोकं गंजून गेलेलं, आत दोन बोटं लोखंड. बर्मा त्याला लागला की मोडत नाही, बाजूला सरकतो, आणि सरकला की सरळ व्हायचं नाव घेत नाही. म्हणून जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवायचा. दोऱ्याला टांगलेला लहान चुंबक लाकडाशी लगटला की तिथे खूण करायची. खिळा फार खोल असला तर चुंबकही गप्प राहतो. मग लाकडावरचा काळा डाग बघायचा. लोखंडाच्या आसपास लाकूड काळं पडतं.

आता खरी गोष्ट. दुकानात काम शिकायला येणारी पोरं ज्या भोकाला चुकलेलं म्हणतात, ते बहुतेक वेळा चुकलेलं नसतं. चूक आधीच्या भोकात झालेली असते, किंवा त्याच्याही आधीच्या रेषेत. नेहमी होणारा प्रकार सांगतो. घोडा आणि कमान ज्या पोलादी पाटीवर बसतात ती पाटी दस्त्याच्या कुशीत बसवली. आता पलीकडच्या बाजूने स्क्रू घालून ती आवळायची. पुढचा स्क्रू नळी आणि ठासणी यांच्या मधून जायला हवा. पोरगं मापून पंच मारतं, सरळ भोक पाडतं, स्क्रू घालतं आणि ठासणी आत ढकलतं. ठासणी शेवटच्या इंचाला अडते. ‘‘काका, स्क्रूचं भोक खाली गेलं.’’ भोक खाली गेलेलं नसतं. ठासणीचं भोक वर आलेलं असतं. ते वर का आलं? लाकडाच्या रेषा त्या टोकाला वर चढत होत्या आणि बर्मा रेषेच्या मागे गेला. रेषा का चढत होत्या? फळी कापतानाच ती तिरपी कापली गेली होती. म्हणजे ज्या भोकावर सगळे बोट ठेवतात ते शेवटचं असतं आणि पहिली चूक करवतीची.

म्हणून चूक दिसली की मी लगेच बुजवू देत नाही. आधी दस्ता ओट्यावर आडवा ठेवायचा, नळीची मधली रेषा परत आखायची आणि प्रत्येक भोक त्या एकाच रेषेपासून मोजायचं. पोरांना ही शिक्षा वाटते. हातात भोक बुजवायची डाट तयार असते, सरस गरम असतो, आणि मी पेन्सिल पुढे करतो. पण चुकलेलं भोक बुजवून शेजारी नवं पाडलं आणि मूळ चूक ठासणीच्या भोकात असली, तर नवं भोकही तिथेच येऊन अडणार. मग दस्त्यात दोन बुजवलेली भोकं आणि एक वैतागलेलं पोरगं.

वर आलेल्या ठासणीच्या भोकाला इलाज आहेत. सगळ्यांत सोपा म्हणजे स्क्रूच्या मधल्या भागाला खालून गोल कानसीने हलकी खाच घ्यायची. ठासणी त्या खाचेखालून सरकून जाते. जुन्या बंदुका उघडल्यावर असे खाच घेतलेले स्क्रू मिळतात. आधीच्या कारागिरांनीही हेच केलेलं दिसलं की थोडा दिलासा मिळतो. दुसरा इलाज ठासणीचं आतलं टोक निमुळतं करण्याचा. तिसरा, नळीच्या बुडाशी खाच पाडून स्क्रू वर घेण्याचा. तो करणारे मी पाहिलेत. मी करत नाही. नळीच्या मागच्या टोकाला दारू पेटते, तिथला एक कणही मी काढत नाही, मग कुणी कितीही भाव करो.

स्क्रूचं भोक खरंच हलवायचं असेल तर लाकडात डाट बसवावी लागते, आणि इथे लोक घाई करतात. बाजारातली गोल काठी कापून ठोकली की झालं, असं त्यांना वाटतं. त्या काठीच्या रेषा भोकाच्या दिशेने उभ्या असतात, दस्त्याच्या आडव्या. मग नवं भोक अर्धं डाटेत आणि अर्धं मूळ लाकडात आलं की बर्म्याला एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला कठीण लागतं. तो मऊकडे पळतो. त्यामुळे डाट त्याच लाकडाची, शक्यतो त्याच फळीच्या तुकड्यातून, आडव्या रेषांनी कापलेली हवी, आणि इतकी मोठी हवी की नवं भोक पुरतं तिच्या आत तरी बसेल किंवा पुरतं बाहेर तरी पडेल. अर्धवट काही नको. सागवानाला अजून एक गोष्ट लागते. ते तेलकट असतं. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू स्पिरिटने पुसल्या नाहीत तर फेविकॉल असो की अरल्डाइट, उन्हाळ्यात डाट हाताने बाहेर येते. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा लाकूडही माणसासारखं आवळतं.

लोखंडात गोष्ट वेगळी. तिथे चूक पकडायला थोडी जास्त सवड मिळते, आणि आयटीआयच्या फिटरला शिकवलेली एक जुनी युक्ती आजही कामाला येते. पंच मारला, बर्मा लावला, आणि सुरुवातीची खोलगट खूण पाहिली तर ती वर्तुळाच्या एका बाजूला सरकलेली आहे. अजून बर्म्याची पूर्ण रुंदी आत गेलेली नाही. तेव्हाच थांबायचं. लहान गोल तोंडाची छिन्नी घेऊन, ज्या बाजूला भोक न्यायचं त्या बाजूच्या उतारावर दोन-तीन चर पाडायचे. परत बर्मा लावला की त्याला तिकडे कापायला कमी धातू लागतो आणि तो आपोआप तिकडे ओढला जातो. असं दोनदा केलं की भोक जागेवर येतं. पण बर्म्याची पूर्ण रुंदी एकदा आत शिरली की ही युक्ती संपली. मग चर पाडून काही होत नाही, मग फक्त आट्यांची डाट. भोक मोठं करायचं, टॅपने आटे पाडायचे, त्याच जातीच्या लोखंडाचा स्क्रू घट्ट आवळायचा, डोकं कापून ठोकून सपाट करायचं, कानस फिरवायची आणि शेजारी नवं भोक पाडायचं. वेल्डिंग सोपं वाटतं. पण वेल्डचा ठिपका आजूबाजूच्या गार लोखंडात पटकन थंड होतो आणि कडक होतो. पुढचा बर्मा त्यावरून घसरतो. शिवाय पाटीवर उष्णता गेली की तिचं पाणी उतरतं, आणि घोडा तिच्यावर उद्या घासला जायचाच असतो.

भोकच नको, अशी बांधणी आमच्याकडे पूर्वी होती. इथल्याच सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू गोबिंदसिंगांची शस्त्रं ठेवलेली आहेत, त्यांत तोडेदार, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, बंदूकही सांगितली जाते. दिवाळीच्या सुमारास तख्त इस्नान होतं, गोदावरीच्या घागरी आणून तख्त धुतलं जातं, शस्त्रांचीही स्वच्छता होते. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकांची बांधणी बघितली की एक गोष्ट लक्षात येते. त्यांची नळी दस्त्याला बहुतेक वेळा पट्ट्यांनी, तारेने किंवा कातडी वादीने बांधलेली असते. इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीत दस्त्यातून आरपार बारीक खिळे घालून नळी धरलेली. फ्रेंच शार्लव्हिलमध्ये पट्ट्या. खिळ्याच्या बांधणीत दस्ता देखणा दिसतो, पण प्रत्येक खिळ्यामागे एक आंधळं भोक असतं. बाहेरून पाडायचं, आत नळीखालच्या चिमटीतून, म्हणजे नळीला जोडलेल्या लोखंडी कानातून, जायचं आणि पलीकडे बरोबर निघायचं. दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये गाठ घालणारे बहुतेक वेळा मध्ये चुकतात. त्यावर तोडगा म्हणजे चिमटीतलं भोक लांबट करणं. लाकूड हवेप्रमाणे हलतं, नळी हलत नाही, त्यामुळे ती लांबट जागा चांगलीच. यात चूक झाकायला गेलेला माणूस नकळत बरोबर काम करून जातो. तरी माझं मत पट्टीच्या बाजूचं आहे. पट्टी गंजली तर काढून फेकता येते.

भोकाची दुरुस्ती पूर्वी तोफांवरही होत असे. नळीच्या मागच्या बाजूला जिथे बत्ती लावतात त्या भोकाला तोफेचा कान म्हणतात. औशाच्या किंवा कंधारच्या किल्ल्यावर जाणाऱ्यांनी तोफेच्या तोंडापेक्षा तिकडे बघावं. प्रत्येक बाराला त्यातून जळती वाफ सुटते आणि कान मोठा होत जातो. कान मोठा झाला की दारूचा जोर पुढे जाण्याऐवजी वरून निघून जातो. युरोपीय तोफखान्यांत अशा झिजलेल्या कानात आटे पाडून तांब्याची डाट बसवत आणि तिच्यातून नवा बारीक कान पाडत. शत्रूच्या हाती तोफ पडणार असं दिसलं की कानात पोलादी खिळा ठोकून ती निकामी करत. पुन्हा ज्याच्या हाती ती लागे, त्याच्या लोहाराला तो खिळा काढावा लागे किंवा शेजारी नवं भोक पाडावं लागे. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंच्या बाजूने इब्राहिमखान गारदीच्या तोफा आणि पलटणी होत्या, आणि निजामाला तह करावा लागला. त्या तोफांमागे बर्मा फिरवणारी माणसं असणारच. त्यांची नावं कुठल्या बखरीत शोधायची?

टोपीच्या बंदुकीत कानाची जागा निपल घेतं आणि ते झिजलं तर बदलता येतं. त्यामुळे हल्ली नळीला हात लावायची वेळ क्वचित येते. आली की ती वाईटच असते.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस किनवटकडचा एक शेतकरी पोत्यात बंदूक घेऊन आला. तूर वाढली होती. ‘‘डुकरं रातभर हैदोस घालायलेत, काका.’’ रात्री टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतो म्हणून त्याने गावातल्या वेल्डरकडे जाऊन नळीच्या मागच्या भागाला दोन भोकं पाडून घेतली होती, त्यांत टॉर्चची क्लिप स्क्रूने बसवलेली. टॉर्च सुंदर बसली होती. क्लिप हलायला लागली म्हणून तो आला होता. मी स्क्रू काढले आणि भोकात बारीक तार घालून खोली मोजली. नळीची जाडी मोजली. एका भोकाखाली शिल्लक होता तो धातूचा नुसता पापुद्रा.

‘‘वेल्डिंग करून भरून टाका की.’’

‘‘भरता येतं. पण भरून उडवता येत नाही. ही नळी आता उडवायची नाही.’’

त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. मग तो माझ्या हातातली तार बघत राहिला. मी त्याला तारेवरची खूण आणि कॅलिपरवरचं माप शेजारी ठेवून दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा स्वतः तार आत घातली.

‘‘आणि टॉर्च पट्टीनं बांधली असती तर?’’

‘‘तर काहीच झालं नसतं. पट्टी करून दिली असती मी, चहाच्या पैशात.’’

‘‘आता काय करू मग?’’

परवान्याचा कागद त्याच्या खिशात होता. मी नळीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, कोरा कागद घेतला आणि ठाण्यात बंदूक जमा करण्याचा अर्ज लिहायला बसलो. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर तो म्हणाला, ‘‘नळी खराब लिहा. भोकाचं नका लिहू, साहेब वेल्डरला विचारतील.’’ मी ‘नळीस मागील भागी दोन छिद्रे, वापरास अयोग्य’ असं लिहिलं आणि सहीसाठी कागद त्याच्याकडे फिरवला.