भरल्या गाडीचे माप

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण सहज म्हणून जातो. ते वाहताना विंचू कोणत्या अंगाला कलतो, हे मात्र कोणी पाहत नाही. निवृत्तीनंतर राहते घर विकून आम्ही दोघांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात निजण्याची, स्वयंपाकाची व पुस्तकांची सोय करून घेतली. तेव्हापासून हा प्रश्न आमच्यापुरता तरी केवळ वाक्प्रचाराचा राहिलेला नाही.

भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे रस्ते वरचेवर उंचसखल होतात. अशा रस्त्यांवर गाडी हळूहळू उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने, ओढू लागली. पुढच्या टायरवरून तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागे, उलट फिरवला तर करवतीसारखा. पुढच्या चाकांची दिशा बिघडल्याची ही ओळखीची खूण.

गावातील मिस्त्रींनी गाडी आतून पाहिली आणि पान्हा हाती घेण्याआधीच सांगितले, "सर, खाली गाडीचं माप काही कामाचं नाही. सामान भरा, पान्याची टाकी भरा, तुमी दोघंबी बसा. मंग चाक पाहू." रिकाम्या गाडीचे कमानपाटे एका उंचीवर राहतात, भरलेल्या गाडीचे दुसऱ्या. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. आमच्या गाडीत उजव्या भिंतीशी वडिलांच्या संग्रहातला केतकरांचा 23 खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' होता आणि त्या अंगाचे पाटे बसले होते. केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले. त्यांचाच ग्रंथ अमरावती जिल्ह्यात आमची गाडी वाकवीत होता, याचे आम्हांला आधी हसू आले. "हे पुस्तकं घरी ठेवा ना," असे मिस्त्री म्हणाले, तेव्हा ते मावळले. ठेवायला दुसरे घर नव्हतेच. अखेर खंड दोन्ही भिंतींना वाटून दिले.

मग किंगपिनचे झिजलेले बुश बदलले गेले, टायरांतील हवा सारखी केली गेली. दोन्ही टायरांवर खडूचा पट्टा आणि त्यावर खिळ्याने रेघ ओढून, रेघेपासून रेघेपर्यंतचे अंतर आधी चाकांच्या पुढून आणि मग मागून मोजले गेले. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. त्यामुळे तो फिरवला की लांबी कमीजास्त होते. सगळा वेळ आम्ही आमच्या जागी बसून होतो. ज्ञानकोशाइतकेच आम्हीही त्या मापात धरले गेलो होतो.

शेवटी पुढचे अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवण्यात आले. म्हणजे उभ्या गाडीची चाके किंचित एकमेकांकडे वळलेली. अशा मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत रस्त्याचा रोध पुढची चाके बाहेर लोटतो, सांध्यांतील ढिलाई संपते आणि चालताना ती समांतर होतात. थांबलेली असताना वाकडी, म्हणूनच चालताना सरळ.

जात्यावरच्या ओव्या वर्गात शिकविताना हाच अनुभव आम्ही घेतला आहे. कागदावर उतरविलेल्या ओवीची अक्षरे मोजावीत तर चरण उणेअधिक भरतात, विद्यार्थी ते दोष म्हणून दाखवितात. पण ती रचना कागदासाठी नव्हतीच. जात्याचा फेरा, हाताचा जोर आणि पिठाचे ओझे यांत ती सरळ बसते. ओवीची चूक काढण्याआधी तिच्यावर कोणता भार होता आणि ती कोणत्या गतीत होती, हे विचारायला हवे.

गाडी आता ऋणमोचनपर्यंत नीट गेली. पूर्णेकाठच्या ज्या गावी गाडगेबाबांनी घाट बांधला, तेथे पौषातील रविवारी यात्रा भरते. परतताना मिस्त्रींनी बजावले की पावसाळा सरला की माप पुन्हा घ्यायचे. रस्ते बदललेले असतील. आणि गाडीतील ओझे तरी तेवढेच राहील, याची हमी आमच्या वयात कोणी द्यावी?