शिशाची चकती

मुलांनो, लहानपणी पैठणला गोदावरीच्या काठी मला एक काळसर चकती सापडली. आकार लहान, पण वजन भारी. चुंबक तिला चिकटेना. कागदावर ओढली, तर पेन्सिलीसारखी रेघ उमटली. म्हणजे ते शिसे होते! मामू म्हणाले, "जाळ्याचे वजन असेल."

ती चमकावी म्हणून मी विटेच्या भुकटीने खूप घासली. तेव्हा पुसट हत्ती दिसला. मी धावतच गुरुजींकडे गेलो.

"अरे, हे तर सातवाहनांचे नाणे!" गुरुजी म्हणाले. "सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पैठण त्यांची राजधानी होती. ते शिशाचीही नाणी पाडत. हत्तीभोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव असते. ते कुठे गेले?"

मी मान खाली घातली. शिसे मऊ असते. नाव मीच पुसून टाकले होते.

तुम्हांला असे काही सापडले, तर घासू नका, वितळवू नका. शिसे विषारी असते, हात धुवा. जागा लक्षात ठेवा आणि वस्तू गुरुजींना दाखवा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा १८७८ पासून कायदाही आहे.

माझ्या नाण्यावरचा राजा कोण होता, हे आता कोणालाच कळणार नाही.