घड्याळांच्या गांवचा पोटमाळा

स्वित्झर्लंडचें नांव निघालें कीं बर्फाच्छादित शिखरें आणि निळीं सरोवरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. यात्रा-कंपन्याही तेवढेंच दाखवून आपल्या मंडळींस परत आणतात. ल लोक्लकडे सहसा कोणी वळत नाहीं. फ्रान्सच्या सीमेलगत, जुरा पर्वताच्या एका खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर हें लहानसें शहर वसलें आहे. नशातेलच्या सरोवराकांठून निघालेली आगगाडी चढणीवरील शांब्रेलियें स्थानकांत शिरते, ती उलट तोंडानेंच बाहेर पडते. बोरघाटांतील जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनाच्या गोष्टी ज्यांनीं वडिलांकडून ऐकल्या असतील, त्यांस यांतील मौज तत्काळ कळेल.

गांवांत भव्य प्रासाद नाहींत. आहेत त्या घरांच्या सरळ रांगा आणि खिडक्याच खिडक्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आगींनीं जुनी वस्ती जळाली, तेव्हां कारागिराच्या मेजावर सूर्यप्रकाश पडावा हेंच धोरण नव्या रचनेंत मुख्य ठेवलें गेलें. शेजारच्या ला शो-द-फोंसह या नगररचनेस युनेस्कोनें २००९ सालीं जागतिक वारशाचा मान दिला. हिवाळा दीर्घ आणि जमीन कृपण, म्हणून शेतकरी घड्याळांकडे वळले. मनगटाच्या नव्हे, पण खिशांतल्या घड्याळास आपोआप किल्ली बसावी ही युक्ति १७७७ च्या सुमारास येथील पेर्ले नामक कारागिरानें साधली असें मानतात. कांहीं पंडित तो मान दुसऱ्यास देतात.

याच गांवीं १८६५ सालीं जॉर्ज फाव्र-जाको या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणानें घरोघर विखुरलेले कारागीर एका छपराखालीं आणले. तो कारखाना म्हणजेच झेनिथ. (गांधीजींजवळचें खिशांतील घड्याळ झेनिथचेंच होतें.) १९६९ च्या जानेवारींत झेनिथनें ‘एल प्रिमेरो’ हें यंत्र जगापुढें ठेवलें. हात हालला कीं आंतील अर्धवर्तुळाकार वजन फिरून कमान गुंडाळली जाते; किल्ली देण्याचें कारणच नाहीं. शिवाय तासास ३६,००० स्पंदनें, म्हणजे सेकंदाचा दहावा भागही मोजतां यावा! त्याच वर्षीं इतरांनींही अशीं यंत्रें काढलीं. पहिला कोण, हा वाद शौकिनांनीं खुशाल घालावा.

परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जपानच्या सैको कंपनीनें स्फटिकावर चालणारें क्वार्ट्‌झ घड्याळ विक्रीस काढलें, आणि पुढें स्विस कारखाने धडाधड बंद पडले. १९७० च्या सुमारास या धंद्यावर सुमारें ९०,००० लोक जगत. पंधरा वर्षांत त्यांतले जेमतेम तृतीयांश उरले. झेनिथ १९७१ सालीं शिकागोच्या एका रेडिओ कंपनीच्या हातीं गेली होती. १९७५ सालीं तिकडून हुकूम सुटला: यांत्रिक घड्याळें बंद करा, हत्यारें विकून टाका.

शार्ल व्हेर्मो हा तेथला कारागीर. त्यानें वरिष्ठांस लिहून विनविलें. उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यानें साचे, कातण्याचीं हत्यारें, आराखडे हळूहळू उचलून कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेले, प्रत्येक वस्तूवर खूण केली आणि कोठें काय ठेवलें तें वहींत टिपलें. जन्मभर मुलांस आज्ञापालन शिकविलेल्या माझ्यासारख्यास ही कृति निर्दोष म्हणतां येणार नाहीं. हत्यारें मालकाचीं, हुकूमही मालकाचा. पण त्यानें त्यांतलें कांहीं विकलें नाहीं, घरीं नेलें नाहीं. मालकाची वस्तु मालकाच्याच छपराखालीं राहिली. आपल्याकडेही पोथ्या रुमालांत बांधून माळ्यावर ठेवीत, त्या वाचणारा घरांत कोणी उरला नसला तरी.

१९७८ सालीं कारखाना पुन्हां स्विस मालकाकडे आला आणि १९८४ सालीं, नवीं हत्यारें घडवावीं न लागतां, एल प्रिमेरोचें काम फिरून सुरू झालें. १९८८ पासून खुद्द रोलेक्सनें आपल्या डेटोना घड्याळांत कांहीं वर्षें हेंच यंत्र, थोडा फेरफार करून, बसविलें. तो पोटमाळा आतां पाहुण्यांस दाखवितात. तिकडे जाणाऱ्यांनीं आधीं वेळ ठरवून जावें.