झांकलेला फासा

नातवंडांच्या आग्रहास्तव आम्हीं वार्धक्यांत एक नवाच खेळ शिकलों. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. खेळाडूंनीं वीरांचीं सोंगें घ्यावयाचीं आणि पंचानें त्यांच्यापुढें सृष्टि उभी करावयाची. पंचपद अर्थात् आम्हांकडे आलें. नळराजा फाशांपायीं वनांत गेला. येथें वनांत शिरल्यावर फासे सुरू होतात!

आमच्याजवळील नियम १९८१ सालचे. षट्कोनी घरांच्या नकाशावर रोजचा प्रवास मोजतात. वाट चुकली कीं काय, हें सहा बाजूंचा फासा सांगतो. मोकळ्या माळावर एक पडला तर चुकली. रानांत दोनपर्यंत, दलदलींत तीनपर्यंत. हा फासा पंचानें झांकून टाकावयाचा. कारण वाट चुकलेल्यास आपण चुकलों हें ठाऊक नसतें. शिधा मात्र रोज सरतो.

एका रविवारीं दलदलींत मुलांजवळ एकाच दिवसाचा शिधा उरला. फाशावर दोन पडले. धाकट्या नातीचा चेहरा पाहून आम्हीं म्हटलें, "वाट बरोबर आहे." गांव लागलें, सारीं आनंदलीं. रात्रीं ती उशाशीं आली.

"आजोबा, दोन पडले होते ना? पाटीच्या आडून दिसलें मला."

परीक्षेंत शेजाऱ्याचें पाहून लिहिणाऱ्यांना आम्हीं बत्तीस वर्षें बाकावर उभें केलें होतें. "हो," म्हणालों.

"मग मागच्या रविवारचे?"

ते खरे होते. पण तें आतां तिला पटावें कशानें?

पुढल्या रविवारीं मुलांनीं दलदलीपासून पुन्हां आरंभ केला. आम्ही पाटी काढूं लागलों, तों तीच म्हणाली, "राहूं द्या." तीन पडले. आम्हीं आपल्या नकाशावर त्यांस भलत्याच घरांत नेलें आणि मुकाट्यानें बसलों. तिनें शिधा मोजावयास घेतला.