दोघांनीच पाहिलेला पन्हाळा

मैत्रिणींनो, कोल्हापुरात राहून पन्हाळा पाहिला नाही अशी बाई सापडायची नाही. मीही कितीदा गेले; पण कधी पाहुण्यांना घेऊन, कधी शाळेच्या सहलीबरोबर. दर वेळी मुलांची डोकी मोजायची, नाहीतर डबे उघडायचे! लग्नाला बारा वर्षं झाली, तरी दोघंच असे कधी गेलो नव्हतो. यंदा श्रावणात सासूबाईच म्हणाल्या, "मुलांना मी बघते, जावा तुम्ही."

एस.टी.नं जेमतेम वीस किलोमीटर. वर धुकं इतकं, की अगदी जवळ जाईपर्यंत तीन दरवाजा दिसेना. अंबरखान्यात मात्र माझा पाय निघेना. गंगा, यमुना, सरस्वती ही तिथल्या कोठारांची नावं. आपण वर्षाचे गहू भरताना किती हिशेब करतो! इथं १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज चार महिन्यांवर अडकले होते. मी सहज म्हटलं, "रोजचं धान्य कोण मोजून देत असेल हो?"

हे थोडं थांबून म्हणाले, "आपल्याकडं तू देतेस. मला तर तांदळाचा डबा कुठला, तेही ठाऊक नाही."

मग झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही खाल्लं. दुसऱ्या कुणी वाढलेलं!

२०२५ साली पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता लांबलांबून लोक येतील. तुमच्याही गावाजवळ असं एखादं ठिकाण असेलच. एकदा डबा न घेता, दोघंच जाऊन या. स्वेटर तेवढा विसरू नका.

आणि हो, तांदळाचा डबा आता ह्यांना सापडतो बरं का!