जाम झालेलं इंजिन

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी थांबली. तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती, आणि शहरातल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असते. त्या आठवड्यात मुंबई हळहळली, ते योग्यच होतं. पण चालत्या गाडीला निदान निरोप तरी मिळाला. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी, वाड्याच्या बोळात, कोकणातल्या एखाद्या घराच्या पडवीलगत ज्या पद्मिनी वर्षानुवर्षं उभ्या आहेत, त्यांची दखल कुणी घेत नाही. टायर बसलेले, काचांवर धुळीचे थर, आणि इंजिन जाम. ‘इंजिन जाम आहे’ एवढं ऐकलं की मालक भंगारवाल्याला फोन लावतो, किंवा हौशी माणूस दुसरं इंजिन शोधू लागतो. मला दोन्ही घाईचं वाटतं. जुनी गाडी वाचवायची तर आधी तिचं स्वतःचं इंजिन सोडवायला हवं. रंग, क्रोम आणि सीटकव्हरं हा नंतरचा भाग आहे.

जाम होणं म्हणजे मरणं नव्हे, हे इंजिनाच्या रचनेतूनच कळतं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं; ब्लॉक बिडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचे. असं इंजिन कुठल्याही स्थितीत थांबलं, तरी बहुधा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरच्या नळीतून पावसाळी दमट हवा तिथवर पोचते आणि रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये गंज धरतो. गॅस्केट गळत असेल तर रेडिएटरचं पाणीही त्यात भर घालतं. म्हणून अख्खं इंजिन जाम दिसलं, तरी पुष्कळदा एखाद-दोन पिस्टनच पकडलेले असतात. अशा गाडीला बॅटरी जोडून स्टार्टर मारणं किंवा गिअरमध्ये टाकून दोरीने ओढणं हा अत्याचार आहे. त्यात रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्त होणारं इंजिन खरोखरच कामातून जातं. जाणता मिस्त्री आधी प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो आणि थांबतो. काही दिवसांनी क्रँकच्या पुलीला पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे हलवून बघतो. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. तरीही नाहीच, तर हेड उतरवायचं आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. सुटल्यावर भिंतीला खोल खड्डे दिसले, तर ब्लॉक लेथवाल्याकडे जातो. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसतात, किंवा स्लीव्ह घालता येते. बिडाच्या ब्लॉकमध्ये अशा दुरुस्तीची सोय मुळातच असते.

इथे वालचंद हिराचंद आठवल्याशिवाय राहत नाहीत. सोलापूरचा हा माणूस १९१९ साली परदेशी मक्तेदारीसमोर सिंधिया कंपनीची जहाजं घेऊन उतरला. पुढे विमानाच्या आणि जहाजबांधणीच्या कारखान्यांमागेही तोच होता. १९४४ साली त्याने प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. गाडीचा आराखडा फियाटचा, इटलीचा, हे खरंच. पण कुर्ल्याच्या कारखान्यात ती गाडी हळूहळू इथल्या हातांची झाली. १९७४च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं, तोवर तिचं दुखणं-खुपणं जाणणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले होते. गाडीच्या पत्र्यात त्या कामाचा पुरावा थोडाच उरतो, कारण पत्रा सडतो आणि बदलला जातो. इंजिनात मात्र तो टिकून राहतो. म्हणून चकचकीत रंगाखाली दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेली पद्मिनी दिसली की मला राग येतो.

यावर व्यवहारी माणसाची हरकत असते. नवं इंजिन बसवलं तर खर्च आटोक्यात राहतो, सुटे भाग मिळतात, गाडी रोज वापरता येते. मुद्दा रास्त आहे. पण रोजच्या वापरासाठी गाडी हवी असेल तर बाजारात भरपूर आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले, तेही हेच सुचवतात: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी मूळ रूपात असेल, इंजिन-चॅसी-बॉडीत मोठा फेरबदल नसेल, तरच ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते, आणि ती गाडी रोजच्या रहदारीसाठी नसते. सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. परवान्यांच्या काळात गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं आणि मिळेल ती गाडी निमूट घ्यायचं. अशा मक्तेदारीची आठवण कशाला जपायची? ती मक्तेदारी वाईटच होती. पण गाडी जपणं म्हणजे त्या धोरणाची तरफदारी नव्हे. तुटवड्याच्या त्याच काळाने वस्तू फेकण्याआधी उघडून पाहण्याची कला आपल्याला शिकवली, आणि ती कला आज गाडीपेक्षा लवकर नाहीशी होते आहे. धुराची हरकतही मान्य. कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन शहराच्या हवेला रोज परवडणारं नाही. महिन्यातून एखाद्या सकाळी चालणाऱ्या गाडीवर मात्र हवा बिघडवल्याचा आरोप टिकत नाही.

तेव्हा तुमच्या दारात अशी गाडी उभी असेल तर एवढं करा. कागदपत्रं काढा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर त्यांच्याशी जुळतो का पाहा. प्लग काढून तेल सोडा, आणि स्टार्टरला हात लावू नका. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर फियाटच खोलल्या, असा कुणी ओळखीत असेल तर त्याला बोलवा, आणि तो काम करत असताना एखाद्या तरुण मुलाला शेजारी उभं करा. किलोच्या भावाने विकण्याचा निर्णय त्यानंतरही घेता येईल.